‘असोसिएट’ म्हणायचे आणि बिऱ्हाड उचलायला लावायचे!

लखनौच्या संगणक-कामगारांवरील आघात आणि मक्तेदार भांडवलाची नीती

जुलै २०१७ मध्ये लखनौच्या गोमतीनगरातील विभूती खंडात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या बलाढ्य कंपनीच्या कार्यालयात काम करणाऱ्या सुमारे दोन हजार कर्मचाऱ्यांना आपल्या टीम लीडरांच्या तोंडून एक बातमी ऐकावी लागली. वर्ष संपण्याच्या आत लखनौचे केंद्र गुंडाळण्यात येणार असून तेथील काम नोएडा, वाराणसी आदी ठिकाणी हलविले जाणार आहे, अशी ती बातमी होती. कंपनी त्या शहरात तीन दशकांहून अधिक काळ ठाण मांडून होती. दोन हजारांपैकी निम्म्याच्या आसपास स्त्रिया होत्या. या कर्मचाऱ्यांनी काय केले? संपाची नोटीस दिली नाही. देणार तरी कोण, व्यवस्थापनाशी बोलण्याचा अधिकार असलेली संघटनाच नव्हती. त्यांनी मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांना व पंतप्रधानांना पत्रे लिहिली. वृद्ध आईवडील, मुलांच्या शाळा, शहरातच नोकरी करणारा पती वा पत्नी, हे सारे सोडून एकाएकी कसे जायचे, अशी विनवणी त्या पत्रांत होती.

देशातील सर्वांत मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत, इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या, पदवीधर, अमेरिकेतील व युरोपातील बँकांची व विमा कंपन्यांची गणिते बिनचूक सांभाळणाऱ्या दोन हजार माणसांजवळ आपल्या पोटावर पाय येताना सरकारदरबारी अर्ज करण्यापलीकडे दुसरे साधन असू नये, ही गोष्ट साधी नाही. संस्थानी काळात रयत राजाच्या पायरीवर जाऊन जशी गाऱ्हाणी घालीत असे, तसाच हा प्रकार झाला. आणि तो घडला कोठे? ज्या लखनौत एप्रिल १९३६ मध्ये अखिल भारतीय किसान सभेची स्थापना झाली, प्रगतिशील लेखकांची पहिली परिषद प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली भरली, ज्या शहरातील चारबाग व आलमबागच्या रेल्वे कारखान्यांच्या कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या लाल झेंडा पाहिलेला आहे, त्या लखनौत!

‘एकही नोकरी जाणार नाही’

कर्मचाऱ्यांच्या पत्रांचा बोभाटा झाल्यावर कंपनीचा खुलासा आला. उत्तर प्रदेशातील कामाचे एकत्रीकरण ग्राहकांना अधिक चांगली सेवा देण्यासाठी होत आहे, आणि कोणाचीही नोकरी जाणार नाही, असा त्याचा आशय होता. भांडवली वृत्तपत्रांनी हा खुलासा छापला आणि राज्यातील सत्ताधारी कंपनीची मनधरणी करण्याच्या उद्योगाला लागले. कंपनीने लखनौ सोडू नये म्हणून मंत्र्यांनी हात जोडायचे, आणि कंपनीने आपल्या सोयीने पाहू म्हणायचे! निवडून आलेले सरकार आणि मक्तेदार भांडवल यांच्यात कोण कोणाच्या दारात उभे आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दिसते.

परंतु ‘एकही नोकरी जाणार नाही’ या वाक्यातील लबाडी नीट उकलून पाहिली पाहिजे. लखनौपासून नोएडा सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे. लखनौत आईवडिलांच्या घरात राहणाऱ्या कर्मचाऱ्याला जो पगार पुरतो, तोच पगार नोएडात घरभाडे, प्रवास आणि पाळणाघर यांत विरघळून जातो. लहान मूल पदरी असलेल्या स्त्रीला नोएडाचा हुकूम देणे म्हणजे तिला राजीनामा लिहून देण्यास सांगणेच होय. फरक एवढाच की कागदावर सही तिची असते. कामगार कपातीसाठी नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते, ‘शेवटी आलेला आधी जाईल’ हे तत्त्व पाळावे लागते. राजीनाम्यासाठी यातले काहीच लागत नाही. मालकाला कपातही हवी आणि कपातीचा डागही नको, तेव्हा तो बदलीचे हत्यार उचलतो. मुंबईच्या गिरणगावात हे हत्यार फारसे चालत नसे, कारण माग उचलून पाचशे किलोमीटरवर नेता येत नसे. संगणकाच्या धंद्यात माग म्हणजे एक तार आणि एक पडदा. म्हणूनच येथे मालकाला भूगोलाचे बंधन उरलेले नाही. ते उरले आहे फक्त कामगाराला.

स्त्रियांच्या बाबतीत तर कंपनीच्याच तोंडची कबुली उपलब्ध आहे. महामारीच्या काळातील घरून काम करण्याची सोय काढून घेतल्यानंतर, २०२३ मध्ये कंपनीच्या मनुष्यबळ प्रमुखांनी म्हटले की नोकरी सोडणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक झाले आहे, आणि घरून काम केल्याने काही स्त्रियांच्या घरची घडी बदलली असावी. ‘घरची घडी’! मूल सांभाळण्याचे, म्हाताऱ्या सासूला औषध देण्याचे काम समाजाने स्त्रीवर टाकलेले, पाळणाघर कंपनीने द्यायचे तर खर्चाची ओरड, आणि मग ती स्त्री नोकरी सोडून गेली की दोष तिच्या घराच्या घडीला. लखनौच्या त्या हजारभर स्त्रियांनी २०१७ सालीच पत्रात जे लिहिले होते, ते कळायला कंपनीला सहा वर्षे लागली म्हणायचे काय? कळलेले होते. पर्वा नव्हती, इतकेच.

कंपनीचे लखनौतले बस्तान पुढे साफ उठले नाही. आजही तेथे तिचे केंद्र आहे, आणि सुलतानपूर रस्त्यावर चकगंजरिया येथे, जेथे पूर्वी सरकारी पशुपालन केंद्र होते, त्या जमिनीवर एचसीएल कंपनीचे आयटी सिटीही उभे आहे. यावरून काही भल्या माणसांचे म्हणणे असे की, मग ओरड कशाची? ओरड याची की, राहण्याचा निर्णय असो वा जाण्याचा, तो ज्यांच्या जिवावर बेततो त्यांना विचारण्याची गरज कोणालाही वाटली नाही, आणि उद्या पुन्हा तोच निर्णय फिरला तर पुन्हा तेच अर्ज, त्याच विनवण्या कराव्या लागतील.

कायद्याचे कुंपण आणि त्यातले भगदाड

औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये, आणीबाणीच्या काळात का होईना, एक तरतूद आली होती की मोठा कारखाना बंद करायचा असेल, कामगार कपात करायची असेल, तर मालकाने सरकारची पूर्वपरवानगी घेतली पाहिजे. मात्र हे बंधन कारखाने, खाणी व मळे एवढ्यांपुरतेच ठेवलेले होते. कार्यालयात बसून काम करणाऱ्यांच्या वाट्याला फक्त साठ दिवसांच्या नोटिशीचे आणि ठराविक भरपाईचे कलम आले. कायदा झाला तेव्हा दोन हजार माणसे एका छताखाली बसून संगणकावर कंपनीसाठी कोट्यवधींची संपत्ती निर्माण करतील, हे कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते. पण नंतरच्या पन्नास वर्षांत सर्वांच्या डोळ्यांसमोर ते घडले, आणि तरीही हे भगदाड बुजविण्याऐवजी राज्यकर्त्यांनी कुंपणच काढायला घेतले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या. परवानगीची अट असलेल्या कारखान्यांची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. स्थायी आदेश, म्हणजे नोकरीचे लेखी नियम, असण्याची सक्तीही तीनशे वा अधिक कामगार असलेल्या ठिकाणीच राहिली. आणि संपाला मात्र सर्वच आस्थापनांत चौदा दिवसांच्या पूर्वसूचनेची बेडी पडली. मालकाचे हात मोकळे, कामगाराचे बांधलेले, याला ‘सुलभीकरण’ म्हणतात!

उत्तर प्रदेशच्या राज्यकर्त्यांनी तर याबाबतीत केंद्रालाही मागे टाकले होते. मे २०२० मध्ये, लक्षावधी श्रमिक उन्हातान्हात रस्त्याने पायी गावाकडे चाललेले असताना, लखनौच्या सचिवालयात वटहुकूम तयार झाला की तीन वर्षे राज्यातील जवळजवळ सारे कामगार कायदे स्थगित ठेवावेत. वेठबिगारी, बांधकाम कामगार, अपघाताची भरपाई आणि वेळेवर मजुरी एवढेच काय ते अपवाद. त्याच सुमारास बारा तासांच्या पाळीची अधिसूचना निघाली. कामगारांच्या वतीने अलाहाबाद उच्च न्यायालयात दाद मागितली गेली, न्यायालयाने सरकारला नोटीस काढली, आणि आठवड्याभरातच, १५ मे रोजी, सरकारला ती अधिसूचना मागे घ्यावी लागली. वटहुकूमही तडीस गेला नाही. पण मनसुबा उघडा पडला तो पडलाच. तंत्रज्ञान उद्योगाला तर राज्याच्या धोरणांनी आधीपासूनच अहोरात्र तिन्ही पाळ्या चालविण्याची मुभा आणि ‘स्वयंप्रमाणना’ची सवलत बहाल केलेली आहे. स्वयंप्रमाणन म्हणजे मालकाने स्वतःच स्वतःला सद्‌वर्तनाचा दाखला द्यायचा आणि निरीक्षकाने तो फायलीत लावायचा.

असा दाखला किती भरवशाचा असतो, हे पुण्याने पाहिले आहे. जुलै २०२४ मध्ये एका बहुराष्ट्रीय लेखापरीक्षण कंपनीच्या पुणे कार्यालयातील सव्वीस वर्षांची तरुणी, नोकरीला लागून चार महिने होतात न होतात तोच मरण पावली. कामाच्या बोज्याने तिचा बळी घेतला, असे तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिले. मग महाराष्ट्राच्या कामगार खात्याला जाग आली, अधिकारी कार्यालयात गेले, आणि त्यांना काय आढळले? २००७ पासून चालत असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती! सतरा वर्षे हे कार्यालय राज्याच्या डोळ्यांदेखत, पुण्यासारख्या शहरात, कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. चहाच्या टपरीवाल्याचा परवाना तपासायला मात्र शासनाला सवड असते.

पडद्यासमोरचा दिवस

विभूती खंडातील, हिंजवडीतील वा बंगळुरातील तंत्रज्ञान कामगाराचा दिवस ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला ‘ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था’ या शब्दाचे हसू येईल. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, दारावर कार्ड दाखविल्याशिवाय प्रवेश नाही; आत किती वाजता गेला, किती वेळ बसला, बाहेर किती वेळ होता याची नोंद यंत्रात. दिवसाचे तास कोणत्या ग्राहकाच्या नावावर टाकले याचा टाइमशीट त्याने स्वतः भरायचा. गिरणीतला मुकादम निदान डोळ्यांसमोर असे; त्याला शिवी देता येत असे. ग्राहक अमेरिकेत असल्याने दिवस संध्याकाळी सुरू होतो आणि लखनौ झोपी गेल्यावर ‘कॉल’ रंगात येतो. एप्रिल २०२४ मध्ये या कंपनीने तिमाही बदलता पगार कार्यालयातील हजेरीला जोडला: हजेरी साठ टक्क्यांहून कमी असेल तर तो भाग शून्य, पूर्ण हवा असेल तर हजेरी पंचाऐंशी टक्क्यांच्या वर. कामाचे मोल आणि हजेरीचा दंड एकाच तागडीत टाकण्याची ही युक्ती जुन्या गिरणी मालकांनाही परिचित होती.

परंतु या धंद्यातील सर्वांत अमानुष शब्द ‘बेंच’ हा आहे. एका ग्राहकाचे काम संपले, दुसरे मिळाले नाही, की कामगार ‘बेंचवर’ जातो. काम आणणे हे कंपनीचे काम. ते तिने आणले नाही तर त्यात कामगाराचा दोष कोणता? तरीही १२ जून २०२५ पासून टाटा कन्सल्टन्सीने नियम केला की प्रत्येकाने वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाकडून पैसे वसूल होतील असे काम केलेच पाहिजे, आणि बेंचवर राहता येईल ते वर्षाला ३५ दिवसच. पुढे काय, हे पगारवाढ, बढती आणि नोकरीच ठरविणार. धंद्यातील तेजीमंदीची जोखीम भांडवलदार उचलतो आणि म्हणून नफ्यावर त्याचा हक्क, असे अर्थशास्त्राच्या भांडवली पंडितांनी शाळाकॉलेजांतून शिकविले. आता ती जोखीमही कामगाराच्या गळ्यात! मग नफ्यावर हक्क कोणाचा, असे त्या पंडितांना कोणी विचारीत नाही.

नफा किती? २०२४-२५ या वर्षात कंपनीची उलाढाल २,५५,३२४ कोटी रुपये आणि निव्वळ नफा ४८,५५३ कोटी रुपये होता. कामगार सहा लाखांवर. म्हणजे दरडोई सरासरी जवळपास आठ लाख रुपये कंपनीच्या निव्वळ नफ्याच्या खात्यात गेले. याच उद्योगात कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अभियंत्याला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास पगार मिळतो, आणि हा आकडा दहा वर्षांपूर्वीही जवळपास एवढाच होता; लखनौतील दुधाचा, घरभाड्याचा आणि शाळेच्या फीचा आकडा मात्र होता तिथे थांबलेला नाही. भागधारकांना त्या वर्षी दर भागामागे १२६ रुपये लाभांश वाटला गेला, आणि भागांपैकी सुमारे बहात्तर टक्के टाटा सन्सकडे आहेत.

एवढी भरभराट चालू असताना जुलै २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले की एकंदर मनुष्यबळाच्या दोन टक्के, म्हणजे १२,२६१ माणसे कमी करण्यात येतील, मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणीतील. प्रत्यक्षात सप्टेंबर २०२५ अखेरच्या तिमाहीत कामगारसंख्या १९,७५५ ने घटली. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ही कपात होत नाही, तर नव्या गरजांशी या माणसांची कौशल्ये जुळत नाहीत म्हणून होते, असा खुलासा मुख्याधिकाऱ्यांनी केला. पंधरा-वीस वर्षे कंपनी सांगेल तेच काम आणि सांगेल तेच प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचे कौशल्य आज जुळत नसेल, तर ते जुळवून देण्याची जबाबदारी कोणाची? मधल्या श्रेणीवरच कुऱ्हाड का, याचे उत्तर कौशल्यात नसून पगारपत्रकात आहे: एका अनुभवी माणसाच्या पगारात चार नवे पोरगे येतात.

अपट्रॉनची स्त्री कामगार आणि हिंजवडीचा फुटपाथ

लखनौला तंत्रज्ञान उद्योग टाटांनी किंवा एचसीएलने आणला, हा समज खोटा आहे. १९७४ मध्ये उत्तर प्रदेश इलेक्ट्रॉनिक्स महामंडळ स्थापन झाले आणि त्यातून अपट्रॉनचा उद्योग उभा राहिला. ‘अपट्रॉन’चे दूरदर्शन संच उत्तर हिंदुस्थानातील घराघरांत पोचले होते. पुढे उदारीकरणाच्या वाऱ्यात हा उद्योग मोडीत निघाला, तशीच लखनौची स्कूटर्स इंडियाही, जिच्यावर जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने शेवटचा खिळा ठोकला. सार्वजनिक उद्योगांच्या व्यवस्थापनांचे गुणगान येथे करायचे नाही. अपट्रॉनच्या व्यवस्थापनाने काय केले ते पाहिले की पुरे. १९८५ मध्ये बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर हजर न झालेल्या एका कायम स्त्री कामगाराला त्यांनी कळविले की रजेपेक्षा अधिक दिवस गैरहजर राहिल्याने तुझी नोकरी स्थायी आदेशांनुसार ‘आपोआप’ संपली आहे. ना चौकशी, ना विचारणा!

पण त्या स्त्रीच्या हाती दोन गोष्टी होत्या: लेखी स्थायी आदेश आणि औद्योगिक न्यायाधिकरणाचा दरवाजा. ती लढली. तेरा वर्षे प्रकरण चालले आणि १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला फेटाळून लावीत सांगितले की कायम कामगाराला म्हणणे मांडण्याची संधी न देता त्याची नोकरी आपोआप संपविणारे कलम टिकू शकत नाही. अपट्रॉनचे नाव आज दूरदर्शन संचासाठी फारसे कोणाला आठवत नाही. कामगार न्यायालयांतल्या वकिलांना ते या निकालासाठी आठवते.

आता हा निकाल मनात ठेवून पुण्याकडे पाहावे. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हिंजवडी परिसरातील टाटा कन्सल्टन्सीच्या सह्याद्री पार्कसमोर एक कर्मचारी पदपथावर पथारी पसरून झोपलेला सर्व देशाने छायाचित्रात पाहिला. शेजारी हाताने लिहिलेले पत्र: कामावर परत येऊनही पगार चालू झालेला नाही, हाती पैसे नाहीत. कंपनीने सांगितले की हे विनापरवानगी गैरहजेरीचे प्रकरण असून नियमानुसार पगार थांबविला होता, व आता त्याला मदत केली जात आहे. असेल तसेही. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या लखनौतील कामगार स्त्रीला, जिचे व्यवस्थापनही ‘गैरहजर’ हाच शब्द वापरीत होते, न्यायाधिकरण गाठता आले. हिंजवडीच्या सुशिक्षिताला मात्र फुटपाथ गाठावा लागला. चाळीस वर्षांत संगणक शेकडो पटींनी वेगवान झाले.

‘मी कामगार नव्हे’

याचे एक कारण मालकांच्या धूर्तपणात आहे आणि दुसरे, कटू असले तरी, खुद्द या कामगारांच्या मनात. कंपनी त्यांना कामगार म्हणत नाही. ‘असोसिएट’ म्हणते, म्हणजे सहकारी, जणू काय नफ्यातला भागीदार! पाचदहा माणसांच्या कामावर देखरेख करायला लावून ‘मॅनेजर’ म्हणते, म्हणजे कामगार कायद्यातून बाहेर. पांढरपेशा घरातून आलेल्या तरुणाला हा शब्द गोड लागतो. गेटवरचा सुरक्षारक्षक, मजला पुसणारी बाई, कँटीनमधला पोऱ्या हे ठेकेदाराचे कामगार, आणि आपण त्यांच्याहून निराळे, असे त्याला वाटते. लखनौच्या दोन हजारांच्या हिशेबात ही ठेकेदारीतली माणसे मोजलेलीही नव्हती. केंद्र बंद झाले असते तर त्यांना नोएडाची बदलीसुद्धा मिळणार नव्हती.

कायदा मात्र पदाचे नाव पाहत नाही, काम पाहतो. तांत्रिक काम करणारा हा कामगारच आहे, असे १९४७ च्या कायद्यात लिहिलेले होते आणि नव्या संहितेतही तो शब्द काढता आलेला नाही. २०१६ मध्ये तामिळनाडू सरकारला स्पष्ट करावे लागले की या उद्योगातील कर्मचाऱ्यांना संघटना बांधण्याचा हक्क आहे. २०१५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने काढून टाकलेल्या चेन्नईच्या एका अभियंत्याने सात वर्षे झुंज दिली. तो व्यवस्थापकीय पदावर होता, हा कंपनीचा बचाव फेटाळून चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये त्याला मागील पगारासह कामावर घेण्याचा आदेश दिला. कर्नाटकात २०१७ मध्ये आयटी कर्मचाऱ्यांची संघटना उभी राहिली, आणि २०२४ मध्ये चौदा तासांच्या दिवसाचा प्रस्ताव पुढे सरकू लागताच तिने बंगळुरात त्याला रस्त्यावर उतरून विरोध केला.

यावर मालकांचे भाट हमखास म्हणतात की, संघटना आली की कंपन्या पळून जातील. लखनौचे उदाहरण या कांगाव्याचे थोबाड फोडण्यास पुरेसे आहे. २०१७ मध्ये विभूती खंडात ना लाल झेंडा होता, ना संप, ना घेराव, ना मागणीपत्र. तेहतीस वर्षे कामगार मान खाली घालून काम करीत होते. तरीही कंपनी निघाली होती! आज्ञाधारकपणाने उद्योग टिकतो हे खरे असते, तर तो लखनौत टिकण्याची भाषा करण्याची वेळच आली नसती.

दुसरा आक्षेप असा की, डाव्या कामगार संघटना संगणकाच्याच विरोधात होत्या, त्यांनी आता संगणक-कामगारांचा कैवार कोणत्या तोंडाने घ्यावा? १९६० च्या दशकात कलकत्त्याच्या इलाको हाऊसमध्ये आयुर्विमा महामंडळ संगणक बसवू पाहत असताना कर्मचाऱ्यांनी जो पहारा दिला, त्याची आजवर टिंगल केली जाते. टिंगल करणारे हे सांगत नाहीत की १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी व्यवस्थापनाशी यांत्रिकीकरणाचा करार केला. यंत्र कोठे येईल, किती येईल, ते टेबलावर बसून ठरले. यंत्र आल्यावर माणसाचे काय, हा प्रश्न विचारणे म्हणजे यंत्राला विरोध नव्हे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव घेऊन हजारोंना घरी पाठविले जात असताना एकाही खासगी तंत्रज्ञान कंपनीत असा करार नाही. पहारा देणाऱ्यांना प्रश्न साठ वर्षे आधी दिसला होता, एवढाच त्यांचा गुन्हा.

आणि कामाच्या तासांबद्दल काय बोलावे! नारायण मूर्तींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करण्याचा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तो आकडा नव्वदवर नेला आणि रविवारी माणसांना कामाला लावता येत नाही याची खंतही बोलून दाखविली. मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीच्या प्रमुखाने रविवारवर डोळा ठेवावा, हा मराठी कामगाराला दिलेला डिवचाच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी तो रविवार १८९० मध्ये झगडून मिळविलेला आहे. कोणा अध्यक्षाने तो खिरापत म्हणून वाटलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने दुकाने-आस्थापनांतील दिवस नऊ तासांवरून दहा आणि कारखान्यांतील बारापर्यंत नेण्यास मान्यता दिली, तेव्हा या उपदेशांचा उपयोग कशासाठी होता ते कळले.

लखनौ, नोएडा, पुणे, इंदूर, हैदराबाद येथे हजारो मराठी मुलेमुली याच कंपन्यांत काम करतात. अनेकांचे आजोबा गिरणीत होते, काहींचे वडील बँकेत वा विमा कार्यालयात संघटनेचे सभासद होते. सभासद-वर्गणीची पावती त्यांच्या घरच्या ट्रंकेत अजून सापडेल. पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने गेल्या वर्षी कपातीच्या तक्रारी कामगार आयुक्तांपर्यंत नेल्या, हे चांगलेच झाले. परंतु तक्रार ही एकेकट्याची असते आणि सौदा हा सर्वांचा असतो. कामगार संघटनेच्या नोंदणीसाठी अर्ज करायला सात माणसे पुरतात, आणि आस्थापनेतील दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद असावे लागतात. १९२६ च्या कायद्याला २००१ मध्ये जोडलेली ही अट नव्या संहितेतही तशीच आहे. दोन हजारांच्या कार्यालयात म्हणजे शंभर. विभूती खंडातील एखाद्या इमारतीत रात्रपाळीच्या एका मजल्यावरसुद्धा तेवढी माणसे बसलेली असतात.